भरवशाचे हत्यार : अरण्यातील लहान बोराची रायफल



'हत्यार' या शब्दाला आपल्या मराठीत दोन अर्थ आहेत. शिपायाच्या तोंडी हत्यार म्हणजे शस्त्र. फिटरच्या तोंडी हत्यार म्हणजे पाना, कानस, छिन्नी आणि हातोडी. खंडेनवमीला आपण दोन्हींना सारखेच फूल वाहतो. कामगार चळवळीतल्या माणसाने रायफलीवर काय म्हणून बोलावे, अशी शंका कोणाला आली असेल तर तिचे उत्तर या शब्दातच आहे. रायफलीकडे मी फिटरच्या अर्थाने पाहणार आहे. काम करणाऱ्याच्या हातातले, ज्याच्यावर त्याचे पोट अवलंबून आहे, असे एक साधन, एवढ्याच नात्याने.

प्रश्न असा आहे. वस्ती शेकडो मैल दूर आहे. दुकान नाही, मिस्त्री नाही, सुटा भाग मिळण्याची सोय नाही. अशा ठिकाणी एका माणसाला काही आठवडे किंवा काही महिने काढावयाचे आहेत आणि पोटासाठी एकच लहान बोराची रायफल जवळ ठेवता येते. ती कोणती असावी? आणि 'भरवशाची' या शब्दाचा तेथे नेमका अर्थ काय?

हा प्रश्न आपल्या सह्याद्रीतला नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. कोकणातल्या शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका असतात, पण तो विषय वेगळा. आजचा प्रश्न खरा आहे तो उत्तर अमेरिकेच्या उत्तर टोकाला. कॅनडाचा उत्तर भाग आणि अलास्का या प्रदेशांत आजही सापळे लावून उपजीविका करणारे लोक आहेत, रस्ता नसलेली गावे आहेत, आणि विमान बंद पडले तर बर्फात उतरण्यावाचून वैमानिकाला गत्यंतर नसते. तेव्हा उदाहरणे तिकडचीच घेऊ.

लहान बोरच का?

ज्या काडतुसाभोवती हा सारा विषय फिरतो ते म्हणजे पॉइंट टू-टू, पुरते नाव 'पॉइंट टू-टू लाँग रायफल'. आपल्यापैकी जे एन.सी.सी.त होते त्यांनी ते हाताळले असेल. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलमध्ये जगज्जेत्या झाल्या त्या याच काडतुसावर. त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले तेही याच काडतुसावर. नळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर आणि शिशाच्या गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम. गहू तोलण्याच्या काट्यावर ठेवली तर काटा हलायचा नाही.

एवढ्याशा गोळीत काय ताकद असणार, असे वाटणे साहजिक आहे. आपल्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या मानाने तिची ताकद पंधरा-वीस पटींनी कमी असते. पण रानात राहावयाचे म्हटले की हिशेब ताकदीचा राहत नाही, वजनाचा होतो. टू-टूची पाचशे काडतुसे साधारण पावणेदोन किलो भरतात. थ्री-नॉट-थ्रीची पाचशे काडतुसे बारा किलोंच्या वर जातात. बारा बोराच्या छऱ्यांच्या बंदुकीची पाचशे घेतली तर वीस किलोंच्या पुढे. जो माणूस पाठीवर पीठ, मीठ, कुऱ्हाड, पांघरूण आणि भांडे घेऊन चालतो त्याला हा फरक काय आहे हे समजावून सांगावे लागत नाही. माथाड्याला विचारा, तो सांगेल.

दुसरी गोष्ट, रानात माणसाच्या पोटात रोज जे जाते ते मोठे जनावर नसते. ससा, खार, साळिंदर, तित्तिराच्या कुळातला ग्राउस नावाचा पक्षी, असली लहान लहान धन. त्यांवर मोठी गोळी झाडली तर हातात मांस उरत नाही, चिंध्या उरतात. लहान गोळीने डोक्यात नेम धरला की मांस शाबूत राहते. आवाज कमी, त्यामुळे आजूबाजूचे सावज फार बिचकत नाही. धक्का जवळजवळ नाही, त्यामुळे उपाशी, थकलेल्या, थंडीने कापणाऱ्या माणसालाही नेम धरता येतो. आणि काडतूस स्वस्त, म्हणून गरिबालाही सराव परवडतो. या शेवटच्या मुद्द्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

काडतुसाची रचना आणि तिचे दुखणे

रायफलीचा भरवसा समजून घ्यावयाचा तर आधी काडतूस समजले पाहिजे. मोठ्या रायफलीच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते. टोचणी तिच्यावर बसली की ठिणगी पडते. टू-टूमध्ये अशी वेगळी टोपी नाही. पितळेच्या नळकांडीला बुडाशी जी कड असते, त्या पोकळ कडेतच ठिणगी देणारा मसाला फिरवून बसवलेला असतो. टोचणीने कड चेचली की मसाला पेटतो, त्याने दारू पेटते. म्हणून त्याला रिमफायर म्हणजे कडेवर पेटणारे म्हणतात. फ्रान्समध्ये फ्लोबेर याने १८४५ साली या जातीचा आरंभ केला, अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ साली 'शॉर्ट' काढले आणि १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने आजचे 'लाँग रायफल' आणले. तेव्हापासून त्याचा साचा बदललेला नाही. आजोबांच्या रायफलीत नातवाने आज विकत घेतलेले काडतूस बसते. भरवशाची ही पहिली पायरी.

पण या रचनेचे एक दुखणे आहे. तो मसाला कडेच्या सगळ्या घेरात सारखा पसरलेला असेलच असे नाही. टोचणी नेमकी कोऱ्या जागी पडली तर चाप ओढूनही बार होत नाही. म्हणून मधोमध टोपी असलेल्या काडतुसापेक्षा टू-टू फसण्याचे प्रमाण जास्त. अशा वेळी जाणता माणूस घाई करीत नाही. नळी निर्धोक दिशेला धरून अर्धा मिनिट थांबतो, कारण कधी कधी दारू उशिरा पेटते. मग काडतूस काढतो, थोडे फिरवून पुन्हा बसवतो, म्हणजे टोचणी दुसऱ्या जागी पडते. पुष्कळदा तेच काडतूस उडते. आता ध्यानात घ्या, ही सोय कोणत्या रायफलीत सहज आहे आणि कोणत्या रायफलीत अवघड आहे, यावरून निवडीचे अर्धे काम होते.

चार जाती

कामाच्या पद्धतीवरून या रायफलींच्या मुख्य जाती चार आहेत.

पहिली एकबारी. एक काडतूस हाताने घालावे, खटका लावावा, बार काढावा, खटका उघडून रिकामी नळकांडी काढावी आणि दुसरे घालावे. कॅनडात या जातीचे घराघरांत पोचलेले नाव म्हणजे कूई. ओंटारिओ प्रांतातल्या कोबर्ग गावच्या कारखान्यात एच. डब्ल्यू. कूई यांच्या कंपनीने या साध्या रायफली मोठ्या संख्येने तयार केल्या. किंमत शेतकऱ्याला आणि सापळेवाल्याला परवडेल अशी. कूईच्या कित्येक एकबारी नमुन्यांत खटका लावल्यावर मागची मूठ बोटांनी ओढून घोडा चढवावा लागे. आजच्या माणसाला हे कंटाळवाणे वाटेल. पण चुकून बार होण्याचा धोका त्यामुळे कमी होई, आणि यंत्रात मोडण्यासारखे फारसे काही उरत नसे.

दुसरी जात खटक्याची आणि पेटीची. हिला बोल्ट ॲक्शन म्हणतात. पाच-दहा काडतुसे पेटीत असतात, पण दर वेळी खटका हातानेच ओढावयाचा. हाताला लागणारा जोर हा येथे गुण आहे. मळलेली, फुगलेली नळकांडी अडकली तरी खटक्याच्या दांड्याने ती उपसून काढता येते. काडतूस जोरदार आहे की मवाळ, याची या यंत्राला पर्वा नसते. त्याला चालवतो तो आपला हात.

तिसरी जात खालच्या कडीने चालणारी, म्हणजे लिव्हरची. काउबॉयच्या चित्रपटांत दिसते ती. जलद आहे, डावखुऱ्यालाही सारखीच सोयीची आहे, पण आतले सांधे पुष्कळ. उघडून साफ करावयाची तर मिस्त्रीची बैठक लागते.

चौथी स्वयंभरणी, म्हणजे चाप ओढला की बार होतो आणि त्याच बाराच्या धक्क्याने खटका मागे जाऊन नवे काडतूस आपोआप बसते. १९६४ साली निघालेली रुगर कंपनीची 'टेन ट्वेंटी-टू' ही या जातीतली सर्वांत परिचित. तिची दहा काडतुसांची फिरती पेटी चांगली आहे आणि सुटे भाग जिकडेतिकडे मिळतात. पण येथे एक गोम आहे. हे यंत्र हाताने चालत नाही, काडतुसाच्या ताकदीने चालते. काडतूस दमट झाले, मवाळ निघाले, किंवा आतले तेल थंडीने थिजले, की खटका अर्ध्यावर अडकतो. एका गोष्टीचा भरवसा दुसऱ्या गोष्टीच्या भरवशावर टांगलेला असतो.

तरीही स्वयंभरणीला सरसकट नावे ठेवू नयेत. रेमिंग्टन कंपनीने १९५९ साली 'नायलॉन सिक्स्टी-सिक्स' नावाची रायफल आणली. रेमिंग्टनची मालकी त्या काळी ड्यू पाँट या रसायन कंपनीकडे होती. कापडाच्या बाजारात ज्याने उलथापालथ केली तेच नायलॉन तिने लाकडी दस्त्याच्या जागी वापरले. गंमत अशी की नायलॉनवर लोखंड घसरते, त्याला तेल लागत नाही. त्याच वर्षी कंपनीच्या टॉम फ्राय या नेमबाजाने हवेत फेकलेल्या १,००,०१० लाकडी ठोकळ्यांवर या रायफलींनी बार काढले आणि त्यांतले फक्त ६ चुकले. थंड मुलखातल्या लोकांनी हिला डोक्यावर घेतले, कारण तेल नाही तर थिजणार काय? दहा लाखांहून अधिक रायफली खपल्या. हिचे उत्पादन आता बंद आहे, पण जुन्या अजून वापरात आहेत. यावरून शिकावयाचे ते हे की जातीपेक्षा, ज्या परिस्थितीत काम करावयाचे आहे तिचा विचार कारागिराने किती केला आहे, हे महत्त्वाचे.

विमानातली घडीची रायफल

वैमानिकांसाठी अमेरिकेच्या हवाई दलाने दुसऱ्या महायुद्धानंतर खास रायफली करवून घेतल्या. १९४९ च्या सुमारास आलेल्या 'एम फोर'ला तारेचा सरकता दस्ता होता. तिच्यानंतरची 'एम सिक्स' दुनळी होती : वरची नळी 'टू-टू हॉर्नेट' या जरा जोरदार आणि मधोमध टोपी असलेल्या काडतुसाची, खालची लहान छऱ्यांची. तिचा चाप बोटाने ओढण्याचा नव्हताच. संपूर्ण पंजाने दाबता येईल अशी लांब पट्टी होती. का? तर वैमानिकाच्या हातात जाड हातमोजे असतात, आणि शून्याखाली तीस अंशांत हातमोजा काढणे म्हणजे बोटे गमावणे. ज्याने हे कागदावर काढले त्याने माणसाच्या हाताचा विचार आधी केला आणि यंत्राचा नंतर. कारखान्यातली किती यंत्रे अशा विचाराने बनतात, हा प्रश्न मी तुमच्यावर सोपवतो.

पुढे आर्मालाइट कंपनीत यूजीन स्टोनर यांनी 'ए आर सेव्हन' काढली. टू-टूची, स्वयंभरणी, वजन सव्वा किलोच्या आत. नळी, यंत्र आणि पेटी सुटी करून पोकळ दस्त्यात भरता येतात आणि दस्ता पाण्यावर तरंगतो. कल्पना सुरेख. परंतु जुन्या ए आर सेव्हनविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते : पेटीच्या तोंडाच्या पातळ पत्र्याच्या ओठांना जरासा पोच आला की काडतूस तिरके चढते आणि अडकते. अनेक कंपन्यांच्या हातांतून फिरून आज ती हेन्री कंपनीकडे आहे आणि तिच्यात सुधारणा झाल्या आहेत. तरी धडा कायम आहे. सुट्या पेटीच्या कोणत्याही रायफलीत पेटी हा सर्वांत नाजूक अवयव. पेटी हरवली किंवा चेपली तर हातात काय उरते, हे आधीच तपासावे. काही रायफली पेटीवाचून एकेक काडतूस घालून चालतात, काही चालत नाहीत.

थंडी, तेल आणि गंज

यंत्रे बिघडण्याची कारणे बहुधा यंत्रात नसतात, निगेत असतात. थंड मुलखात नवखा माणूस हमखास दोन गोष्टी करतो. एक, तेल भरपूर ओततो. ते तेल गोठून चिकट होते, टोचणी सावकाश पुढे जाते, कड पुरती चेचली जात नाही आणि बार होत नाही. जाणते लोक तेल पुसून कोरडे करतात, फार तर ग्राफाइटची भुकटी लावतात. दोन, रात्री रायफल उबेला झोपडीत आणतो. थंडगार लोखंडावर उबेची वाफ जमते, तिचे पाणी होते. सकाळी बाहेर नेली की त्याच पाण्याचा बर्फ होऊन यंत्र जाम. म्हणून सापळेवाले रायफल बाहेरच, छपराखाली ठेवतात.

नळीच्या तोंडात बर्फ किंवा चिखल गेला असेल आणि तसाच बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावण्याची रीत आहे. आणखी एक : रिमफायर रायफलीचा चाप रिकामा ओढू नये. बऱ्याच रायफलींत टोचणी नळीच्या लोखंडी कडेवर आपटते आणि दोन्ही बिघडतात.

आणि लहान गोळी आहे म्हणून गाफील राहू नये. सशासाठी कामाचा पल्ला पन्नास मीटरच्या आसपास असला तरी सुटलेली गोळी दीड किलोमीटरच्या पुढेही माणसाला इजा करू शकते. नेमाच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय चाप ओढावयाचा नसतो.

पाठीमागचा पुरवठा

आता भरवशाच्या त्या भागाकडे येऊ, जो रायफलीत दिसत नाही.

१९६५ च्या मार्चमध्ये सोविएत अंतराळवीर लिओनोव्ह आणि बेल्यायेव्ह यांचे यान ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, उरलच्या बर्फाळ जंगलात उतरले. लांडग्या-अस्वलांच्या त्या रानात त्यांना दोन रात्री काढाव्या लागल्या. या अनुभवातून पुढे १९८६ साली अंतराळवीरांसाठी 'टी पी एटी-टू' हे तीन नळ्यांचे खास हत्यार आले : दोन नळ्या छऱ्यांच्या, तिसरी ५.४५ मिलिमीटरची. हत्यार उत्तम होते. पण छऱ्यांच्या नळ्यांची काडतुसे केवळ त्याच्यासाठी केलेली होती. २००७ च्या सुमारास ते मागे पडले, कारण त्या काडतुसांचा साठा जुना झाला होता. रायफल टिकली आणि काडतूस संपले, तर हातात राहते ती काठी.

दुसरे उदाहरण. कॅनडाच्या उत्तरेकडील गावांत १९४७ पासून 'कॅनेडियन रेंजर्स' हे स्थानिक राखीव दल आहे. त्यांच्या हाती सत्तर वर्षे ली-एनफिल्ड होती, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. बोर मोठा आहे, पण मुद्दा तोच. कडाक्याच्या थंडीत तिचा खटका दगा देत नसे. तरीही गेल्या दशकाच्या अखेरीस तिच्या जागी नवी 'सी नाइन्टीन' आली, कारण जुनीचे सुटे भाग मिळेनासे झाले. भरवसा म्हणजे वस्तूचा एक गुण नसून एक साखळी आहे, हे यावरून दिसते. हत्यार, काडतूस, सुटा भाग, वापरणारा हात, आणि त्या हातामागची माहिती. कोणतीही कडी तुटली की साखळी तुटते. टू-टूचा खरा मोठेपणा असा की तिची काडतुसाची कडी जगात सर्वांत मजबूत आहे. आडगावच्या दुकानात दुसरे काही नसले तरी ते असते.

रायफलीची मर्यादा

१९५३ च्या मे महिन्यात कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, स्लेव्ह लेकजवळ, बेला ट्विन नावाच्या क्री जमातीच्या त्रेसष्ट वर्षांच्या बाईंनी एकबारी कूई टू-टूने एक प्रचंड ग्रिझली अस्वल मारले. त्याची कवटी त्या काळी विक्रमी ठरली. ही हकिकत सांगून पुष्कळ लोक म्हणतात, पाहा, टू-टूने अस्वलसुद्धा मरते! हा निष्कर्ष चुकीचा आहे. बेला ट्विन जन्मभर सापळे लावून जगलेल्या होत्या. अस्वल जवळ आले होते, कोठे नेम धरावा हे त्यांना ठाऊक होते, हात कापला नाही, आणि पडल्यावरही त्यांनी पुन्हा पुन्हा बार काढून खात्री करून घेतली. तेथे कामी आला तो बाईंचा अनुभव. रायफल सामान्यच होती. अस्वलापासून बचावाचे साधन म्हणून टू-टू कोणी सांगत नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ध्रुवीय अस्वलांसाठी मोठ्या बोराचीच रायफल सुचवली जाते, आणि आधी अस्वलाला हुसकावण्याचे साधन जवळ ठेवावे असा नियम आहे.

आता याच्या उलट हकिकत. १९९२ च्या एप्रिलअखेर ख्रिस्तोफर मॅक्कँडलेस हा चोवीस वर्षांचा सुशिक्षित अमेरिकन तरुण अलास्कात स्टॅम्पीड ट्रेल या जुन्या वाटेने एकटा रानात गेला. त्याच्यावर पुढे पुस्तक निघाले, चित्रपट निघाला; तुमच्यापैकी काहींनी तो पाहिला असेल. त्याच्याजवळ होती नायलॉन सिक्स्टी-सिक्स, मघाशी वर्णिलेली तीच, आणि सुमारे चारशे काडतुसे. निवड उत्तम होती. तिने त्याला दगा दिल्याचे कोठे नमूद नाही. खारी, साळिंदरे, पक्षी तो मारीत होता. जूनमध्ये त्याने मूस नावाचे सांबराहूनही मोठे जनावर मारले. पण मांस धुरावर टिकवण्याची रीत त्याला साधली नाही, माश्यांनी अळ्या घातल्या आणि काही दिवसांत ते टाकावे लागले. जुलैत परत निघाला तर टेक्लानिका नदीला पूर आलेला. जवळच पाणी मोजणाऱ्यांचा तारेवरचा पाळणा होता, त्यातून पलीकडे जाता आले असते. पण त्याच्याजवळ नकाशा नव्हता. तो माघारी फिरला. सप्टेंबरात एका जुन्या मोडक्या बसमध्ये त्याचे प्रेत सापडले तेव्हा वजन होते तीस किलो. कोणते बी त्याला बाधले की काय याविषयी वाद आहे, पण उपासमारीविषयी नाही.

असे का होते, याला शरीरशास्त्राचे कारण आहे. सशाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. नुसते कोरडे मांस खाऊन माणूस जगत नाही. पोट भरलेले आणि भूक तशीच, जुलाब आणि अशक्तपणा, अशी अवस्था येते. उत्तरेकडील लोक तिला 'सशाची उपासमार' म्हणतात आणि ध्रुवप्रदेशाचा संशोधक स्टेफानसन याने तिचे वर्णन करून ठेवले आहे. म्हणून तिकडचा जाणता माणूस चरबीच्या भागाची किंमत जाणतो, मासे पकडतो, आणि मुख्य म्हणजे तारेचे फासे लावतो. फाशाला काडतूस लागत नाही, आणि मालक झोपलेला असताना फासा रात्रपाळी करतो.

निवड

तेव्हा गोषवारा असा. अरण्यात एकट्याने न्यावयाची लहान बोराची रायफल निवडताना पहिला प्रश्न, हिचे काडतूस सर्वत्र मिळते का? लाँग रायफल असेल तर होय. दुसरा, हिला चालवते कोण, माझा हात की काडतुसाचा धक्का? हात असेल तर बरे. म्हणून नवख्याने खटक्याची घ्यावी, एकबारी असली तरी लाजू नये. तिसरा, हिचा खटका मी हत्यारांच्या पेटीवाचून, गारठलेल्या बोटांनी काढून पुसून परत बसवू शकतो का? चौथा, पेटी गेली तर ही चालते का? पाचवा, हिच्यावर साधी लोखंडी माशी आहे का? दुर्बीण असावी, पण ती फुटली तर नेम जाऊ नये. सहावा आणि सर्वांत मोठा : घरून निघण्यापूर्वी, निरनिराळ्या बनावटीची काडतुसे घालून, मी हिच्यातून शेकडो बार काढले आहेत का? काडतूस स्वस्त असण्याचा लाभ तो हाच. कोणते काडतूस हिला मानवते हे रानात शोधावयाचे नसते.

दुकानदार या प्रश्नांची उत्तरे देणार नाही. तो किंमत आणि नाव सांगेल. कारखान्यात नवे यंत्र येते तेव्हा माहितीपत्रकात त्याचा वेग लिहिलेला असतो. ते कोठे अडते, अडल्यावर कोणाचे बोट जाते, हे मात्र त्यावर उभा राहणारा कामगारच सांगू शकतो, आणि बहुतेक वेळा त्याला कोणी विचारीत नाही. अलास्कातल्या सापळेवाल्याला आणि कूई वापरणाऱ्या क्री बाईला विचारले तर ते बोराविषयी थोडे बोलतील आणि तेलाविषयी, बर्फाविषयी, फाशांविषयी पुष्कळ बोलतील. त्यांचे ऐकून जो रायफल घेईल तो रायफलीबरोबर मीठ, नकाशा आणि तारेचे भेंडोळेही घेईल. त्या तरुणाजवळ रायफल नामी होती. त्याला परत आणू शकला असता तो नकाशा.